हाती दिवा, लक्ष खिडकीकडे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे दिवे लावण्याचा कार्यक्रम असायचा. पांढरी साडी, खळ देऊन कडक केलेली टोपी आणि हातात दिवा. हॉलमधले सगळे लाईट बंद करायचे, एकीच्या ज्योतीवरून दुसरीने आपली ज्योत लावायची आणि मग सगळ्यांनी मिळून सेवेची शपथ म्हणायची. समोर टेबलावर हार घातलेला फोटो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. आमच्या वर्षी, नांदेडला, शपथ संपली, मॅडमनी बटण दाबलं आणि उजेड येईचना. मधल्या मधे लाईट खरोखरच गेली होती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! मग तेच दिवे हातात धरून आम्ही जिना उतरलो.

तेव्हापासून ती बाई म्हणजे दिवा, असंच माझ्या डोक्यात बसलं. आधी नांदेड, मग लातूर अशी छत्तीस वर्षं नोकरी झाली. दरवर्षी १२ मेला, म्हणजे तिच्या वाढदिवसाला, आम्ही परिचारिका दिन साजरा केला, फोटोला हार घातला. पण तिचं चरित्र वाचलं ते निवृत्त झाल्यावर, घराचं बांधकाम काढलं तेव्हा. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, तेही रागारागाने.

राग कशाचा? लातूरला आमचा प्लॉट वीस बाय पंचेचाळीसचा. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती लागून. नकाशा आला त्यात पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, वर मुलाच्या खोल्या आणि मधोमध, जिन्याच्या पोटाशी, चारी बाजूंनी बंद अशी एक खोली. ती कुणाची, तर आमच्या अक्कांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. वय चौऱ्याऐंशी. खुबा मोडल्यापासून दिवसातले वीस तास कॉटवर. नकाशा काढणारा मुलगा स्वभावाने चांगला होता हो, पण खिडकीचं विचारलं तर म्हणाला, की आजींना कुठे वाचायचंय, एक एलईडी ट्यूब टाकू, दिवसभर चालू ठेवली तरी बिल कळणारही नाही. माझ्या मुलालाही ते पटलं. मला काही उत्तर सुचेना, कारण हिशेब त्याचा बरोबर होता. वीस वॅटची ट्यूब रोज दहा तास जाळली तर महिन्याला सहा युनिट होतात. त्यासाठी जागा कशाला अडवायची?

त्या रात्री झोप येईना म्हणून मुलीने कधीतरी आणून दिलेलं फ्लॉरेन्सचं चरित्र उघडलं.

ती जन्मली १८२० साली, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, म्हणून नाव फ्लॉरेन्स. मोठी बहीण नेपल्सला झाली, तर तिला त्या गावाचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. (आमच्याकडे ही पद्धत असती तर मी नांदेडबाई आणि माझी मुलगी लातूरबाई!) घर गडगंज श्रीमंत. इंग्लंडात दोन दोन हवेल्या. वडिलांनी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. गणिताचं तर फ्लॉरेन्सला वेडच होतं. सोळा-सतराची असताना तिला वाटलं, की देवाने आपल्याला कामाला बोलावलंय. काम कोणतं, ते ठरायला काही वर्षं गेली. ते रोग्यांच्या शुश्रूषेचं निघालं तेव्हा घरात रडारड झाली, कारण त्या काळात तिकडे नर्स म्हणजे दारू पिणारी, वाया गेलेली बाई असा समज होता. चांगलं स्थळ कित्येक वर्षं थांबून होतं, ते तिने १८४९ मध्ये नाकारलं. पुढे जर्मनीत कायझरवर्थला जाऊन काम शिकली आणि १८५३ मध्ये लंडनला आजारी बायकांच्या एका छोट्या संस्थेची प्रमुख झाली. एक घुबडाचं पिल्लू ती खिशात घालून फिरायची म्हणे! तेही त्याच काळातलं.

आता आपल्याला माहीत असलेली गोष्ट. क्रिमियाचं युद्ध चालू होतं. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ नर्सेस घेऊन तुर्कस्तानात स्कुतारीला पोचली. तिथलं हॉस्पिटल म्हणजे सैनिकांची अवाढव्य जुनी बराक. खाली तुंबलेली गटारं, वर उंदीर, रोग्यांच्या अंगावर उवा, कॉट पुरेनात, धुतलेला कपडा मिळेना. लांबच लांब बोळांतून दोन्ही बाजूंना माणसं झोपवलेली. रात्री सगळी निजानीज झाली की ती एकटी फेरी मारायची, हातात दिवा घेऊन. तोही फोटोत दाखवतात तसा अल्लाउद्दीनचा दिवा नव्हता. तुर्की बाजारात मिळणारा, घडी होणारा फानूस होता. वर्तमानपत्राने ते चित्र घरोघर पोचवलं, एका अमेरिकन कवीने त्यावर कविता केली आणि दिवा तिला कायमचा चिकटला.

खरी गोष्ट मात्र त्याच्या पुढे आहे आणि आम्हाला कॉलेजात ती कुणी सांगितली नव्हती. ती एवढी राबत असताना माणसं मरतच होती. १८५५ च्या फेब्रुवारीत तर दाखल झालेल्या शंभरांतले बेचाळीस दगावले. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छतेची एक समिती आली. तिने गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत शंभरांतले बेचाळीस दोनवर आले. त्या वेळी तिला सगळा उलगडा झाला नव्हता. इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार नावाच्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने मृत्यूचे आकडे मांडले, त्यांची रंगीत चक्रं काढली, आणि चित्र स्पष्ट झालं. गोळी लागून मेलेले थोडे होते. बहुतेक रोगाने गेले होते, आणि तो रोग बऱ्याच जणांना हॉस्पिटलात जडला होता. म्हणजे दिवा घेऊन ती ज्यांच्या उशाशी उभी राहिली, त्यांचा जीव ती इमारतच घेत होती.

नर्स म्हणून मी इथे पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.

१८५७ मध्ये ती आजारी पडली आणि पुढचं आयुष्य बरंचसं अंथरुणातच गेलं. पण त्या अंथरुणावरून तिने जे काम केलं ते दिव्याचं नव्हतं, खिडक्यांचं होतं. मंत्र्यांना पत्रं, डॉक्टरांना पत्रं, इंजिनिअरांना पत्रं. इमारत कशी असावी, हवा कुठून यावी, ऊन कुठे पडावं, पलंग कुठे ठेवावा.

पहिल्याच मोठ्या लढाईत मात्र ती हरली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली इथे सैनिकांसाठी मोठं हॉस्पिटल उठत होतं. १८५६ मध्ये राणीच्या हस्ते पायाभरणी झालेली. समुद्रावरून पाहिलं तर राजवाडाच, पाव मैल लांब! फ्लॉरेन्सने नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. समुद्राच्या, उन्हाच्या बाजूला लांबच लांब बोळ, आणि रोग्यांच्या खोल्या मागच्या अंगाला, ईशान्येकडे. बाहेरून बघणाऱ्याला शोभा, आत झोपलेल्याला अंधार. ती थेट पंतप्रधान पामरस्टनपर्यंत गेली. ते तिच्या माहेरचे शेजारी. त्यांनाही तिचं म्हणणं पटलं. पण पाया भरला होता, भिंती उठल्या होत्या, पैसा खर्च झाला होता. काम थांबलं नाही. १८६३ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं आणि १९६६ मध्ये पाडेपर्यंत ते तसंच उभं राहिलं. म्हणजे शंभर वर्षं आजारी माणसं पाठीमागच्या बाजूला झोपली, कारण नकाशावर कुणी वेळेत बोट ठेवलं नाही.

मी कॅलेंडर पाहिलं. आमचं जोतं भरून झालं होतं. कॉलम उभे व्हायचे होते.

पुढे वाचत गेले ते अर्धं चरित्र म्हणून आणि अर्धं बांधकामाचं पुस्तक म्हणून. १८५९ मध्ये तिने हॉस्पिटलांवर पुस्तक लिहिलं. त्यात माप देऊन सांगितलंय: वॉर्ड तीस फूट रुंद, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, दोन पलंगांमागे निदान एक खिडकी. ती खिडकीही जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन छताच्या फूटभर खालपर्यंत जाणारी, म्हणजे रोग्याला पडल्या पडल्या बाहेर दिसेल. अशा वॉर्डांना पुढे नाइटिंगेल वॉर्ड हेच नाव पडलं. टेम्स नदीच्या काठावर, पार्लमेंटच्या समोर, १८७१ मध्ये सुरू झालेलं नवं सेंट थॉमस हॉस्पिटल याच पद्धतीचं. तिची नर्सिंगची शाळा त्याच संस्थेत १८६० पासून चालू होती.

अहो, हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लंडन येईना, आपला सरकारी वॉर्ड आला! जुन्या दगडी इमारतीतला, उंच छताचा, दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या खिडक्या. त्या कुणी आणि का ठेवल्या, हा प्रश्न मला छत्तीस वर्षांत पडला नाही. भारनियमनाच्या दिवसांत आठ-दहा तास लाईट नसायची, पण दिवसा आमचं एक काम अडलं नाही. शीर सापडायची, थर्मामीटर वाचता यायचा. आणि कावीळ! पिवळ्या बल्बखाली कावीळ ओळखायला जाल तर फसाल. तान्ह्या बाळाला खिडकीशी नेऊन पाहिलं की लगेच कळतं. नवीन बायकांना मी हेच शिकवलं, पण ते फ्लॉरेन्सचं म्हणून नाही, आमच्या जुन्या सिस्टरांचं म्हणून.

तिचं दुसरं पुस्तक घरच्या बाईसाठी, तेही १८५९ चंच. कारण घरात दुखणं आलं की नर्स कोण होते? बाईच. त्यात निरोगी घराला लागणाऱ्या गोष्टी सांगताना शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याची सोय आणि स्वच्छता यांच्या रांगेत तिने उजेड बसवला. रोग्याच्या गरजांत तर मोकळ्या हवेच्या खालोखाल उजेडच, आणि तोही नुसता उजेड नव्हे, खरं ऊन. तिचं एक निरीक्षण मला फार पटलं. रोपटं जसं उजेडाकडे वळतं तसा रोगीही खिडकीकडे तोंड करून झोपतो, मग त्या कुशीवर दुखत का असेना. मी पाहिलंय हे. मांडीचं हाड मोडलेला माणूस, ओरडा खाईल पण खिडकीकडेच वळेल.

तिच्या देशात तर उजेडाला पैसे पडत होते. १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवत. श्रीमंतांकडे गॅसचे दिवे आले होते, पण ते खोलीतली हवा खात आणि वर गरमी करत. अशा काळात ती खिडकी मोठी करा म्हणत होती.

चुकली नाही असं नाही. रोग घाणेरड्या हवेतून होतात यावर तिचा विश्वास होता आणि जंतूंची गोष्ट तिने फार उशिरा मानली. पण १८७७ मध्ये दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सूर्यप्रकाशात जंतू मरतात. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेनना १९०३ मध्ये नोबेल मिळालं. अलीकडचं सांगायचं तर १९८४ मध्ये अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रोगी तपासले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. तिने कारण चुकीचं सांगितलं, पण औषध बरोबर दिलं. (काचेआडच्या उन्हातून ड जीवनसत्त्व मात्र मिळत नाही बरं का, त्यासाठी बाहेरच बसायला हवं.)

भारतात ती कधी आली नाही, पण आपल्यासाठी काम केलं ते पलंगावरूनच. इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, बराकी कशा आहेत, पाणी कुठून येतं, माणसं किती दाटीने झोपतात ते विचारलं. १८६३ मध्ये अहवाल आला. तेव्हा इथे दर हजार सैनिकांत वर्षाला ६९ मरत. दहा वर्षांनी तिने लिहिलं तेव्हा तो आकडा १८ वर आला होता. पुढे छावण्या सोडून तिचं लक्ष आपल्या खेड्यांकडे गेलं. दुष्काळावर, पाटबंधाऱ्यांवर, गावच्या स्वच्छतेवर लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता, दादाभाई नौरोजींना तिचा पाठिंबा होता.

म्हातारपणी लंडनच्या घरात तिच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि खिडक्यांना पडदे नव्हते. मांजरं मात्र ढिगाने. १८९० मध्ये एडिसनच्या यंत्रावर तिचा आवाज नोंदवून घेतला, तो अजून ऐकायला मिळतो. त्याच एडिसनचा विजेचा दिवा तोवर लंडनच्या घरांत शिरू लागला होता. शेवटच्या काही वर्षांत तिची दृष्टी गेली. खिडक्यांसाठी सगळं आयुष्य भांडलेल्या बाईला शेवटी खिडकीच दिसेना. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली, तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच गेली, नव्वद वर्षांची होऊन. राष्ट्रीय इतमामाची जागा घरच्यांनी नाकारली. गावच्या चर्चच्या आवारात दफन केलं. दगडावर पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरं.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले. मिस्त्री जुने, किल्लारीकडचे. खिडकी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचंही खरं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. जवळपास आठ हजार माणसं गेली. आमच्या वॉर्डात जखमी यायला लागले ते आत झोपायला तयार होईनात, व्हरांड्यातच पडून राहिले. पहिले दोन-तीन तास कंदील आणि टॉर्चवर टाके घातले. उजाडल्यावर दिसलं, की किती जणांना साधं पुसलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून पुष्कळांच्या मनात बसलंय, की भिंतीला भोक म्हणजे घर कमजोर. पण ती माळवदं खिडक्यांनी पडली नव्हती. त्यांना खिडक्या होत्याच कुठे? उजेडाला वर एक साणं, तेवढंच. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या मातीत बसवलेल्या दगडी भिंती आणि छतावर मातीचा थर, ते वजन अंगावर आलं. खिडकी कोपऱ्याला लागून नको, तिच्यावरचा लिंटेलचा पट्टा घरभर सलग हवा, हे मात्र खरं. मिस्त्रींनी हे माझ्याआधी सांगितलं.

फ्लॉरेन्सचं सगळंच्या सगळं घ्यायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. ती म्हणते इमारत उत्तर-दक्षिण लांब ठेवा, म्हणजे सकाळी एका बाजूने आणि दुपारी दुसऱ्या बाजूने ऊन येईल. इंग्लंडच्या थंडीत ठीक आहे. लातूरच्या मेमध्ये पश्चिमेचं ऊन घरात घेतलं तर भाजून निघू आणि वर कूलर चालवावा लागेल तो वेगळा. ट्यूबचे सहा युनिट वाचवायचे आणि कूलरला साठ घालायचे, हा कसला हिशेब! आपल्याला उजेड हवा, पण ताप नको. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा काढला की काम होतं. थंडीतलं खाली कललेलं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यातलं डोक्यावरचं बाहेरच राहतं. पश्चिमेला शक्यतो भिंत किंवा न्हाणीघर.

आमच्या मधल्या खोलीला मात्र कुठलीच दिशा नव्हती. मग जुन्या वाड्यांची आठवण झाली. त्यांना बाजूला भिंती लागून असल्या तरी मध्ये चौक असायचा. जिना दोन फूट सरकवला, वरच्या मजल्यावरचं एक कपाट गेलं आणि पाच बाय आठचा चौक निघाला. वर लोखंडी जाळी, खाली पाण्याला उतार, चौकाच्या भिंतींना पांढरा चुना. पांढरी भिंत उजेड खाली ढकलते. अक्कांच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची अशा दोन्ही खिडक्या त्यात उघडल्या. मुलगा कपाटासाठी आठ दिवस फुगून होता. सूनबाईने मध्ये पडून त्याला गप्प केलं, कारण तिचा ओटा उजेडात आला होता.

बिल किती वाचलं ते विचारू नका, नकाशावाला मुलगा त्या बाबतीत बरोबरच होता. पण भाड्याच्या घरात अक्का ट्यूबखाली दिवसभर झोपायच्या आणि रात्री दोन वाजता उठून हाका मारायच्या. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सचा उजेड असतो आणि ट्यूबच्या खोलीत दोन-तीनशे. शरीराला एवढ्याशा उजेडावर दिवस उगवल्याचं कळत नाही. नव्या घरात यायला महिना झाला तशी त्यांची रात्रीची झोप लागायला लागली. पूर्ण नाही, पण पहाटे चारपर्यंत तरी. कॉट मी भिंतीकडे लावली होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उशी पायथ्याला घ्यायला लावली, खिडकी दिसावी म्हणून.

आता त्या घड्याळ पाहत नाहीत. चौकाच्या भिंतीवर ऊन दुसऱ्या विटेपर्यंत उतरलं की दूध मागतात. परवा सकाळी नऊला लाईट गेली, ती दुपारी तीनला आली. फ्रिज कुरकुरला तेव्हा त्यांनी विचारलं, की गेली होती का गं.